एकास चोवीस

गेल्या चैत्रांत आमच्या घरांत एक लहानसा खटला उभा राहिला आणि न्यायाधीशाच्या जागीं माझी नेमणूक झाली. आरोपी माझा नातू. वय वर्षें सोळा, इयत्ता अकरावी. आरोप असा, कीं हा मुलगा अभ्यासाचा वेळ चिमुकल्या मोटारी करण्यांत घालवितो, माडीवरच्या मागल्या खोलींत थिनरचा वास कोंडून ठेवतो आणि बोटें कापून घेतो. फिर्यादी त्याचे वडील, म्हणजे माझे चिरंजीव; साक्षीदार सूनबाई आणि आमचें कुटुंब. छत्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलेल्या माणसास असले निवाडे नवे नाहींत. "बाबा, तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा; तुमचं तो ऐकतो," असें सूनबाईनें म्हटल्यावर मी चष्मा पुसला आणि जिना चढलों. दोन शब्द सांगावयास गेलेला मी दोन तास तेथेंच बसून राहिलों. त्या दोन तासांत जें पाहिलें आणि पुढें वर्षभर जें शिकलों, तें इतर घरच्या वडीलधाऱ्यांच्याही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

खिडकीजवळ माझ्याच जुन्या टेबलावर एक कांच ठेवलेली होती. कांचेवर चिमटा, दोन सुऱ्या, लहान पक्कड, पॉलिश-पेपरचे तुकडे आणि वीतभर लांबीची एक बिनरंगी मोटारगाडी. मी म्हणालों, "बाळ, या वयांत खेळणीं?" त्यानें मान वर न करतांच उत्तर दिलें, "आजोबा, हें खेळणं नाहीं, मॉडेल आहे. खेळण्याला माप नसतं. याला एकास चोवीस हें माप आहे."

उत्तर उद्धट नव्हतें, नेमकें होतें. आणि नेमक्या उत्तरापुढें शिक्षकाचें कांहीं चालत नाहीं. खेळण्याचीं चाकें जाड, दारें लठ्ठ, दिवे बटबटीत असले तरी चालतात. कारण तें मुलाच्या हातून आपटावयाचें असतें. प्रतिकृतींत मात्र एकच प्रमाण शेवटपर्यंत पाळावयाचें असतें. खऱ्या गाडीवरचे चोवीस सेंटिमीटर तो येथें एक सेंटिमीटर. हें त्रैराशिक पांचवीच्या मुलासही येईल. खरी मौज पुढेंच आहे. लांबी चोविसाव्या हिश्शावर आली कीं पृष्ठफळ ५७६ व्या हिश्शावर येतें आणि घनफळ १३,८२४ व्या. समजा, गाडी नऊशें किलोंची आहे. तीच त्याच धातूंची या प्रमाणांत घडविली, तर तिचें वजन भरेल अवघें ६५ ग्रॅम! गाडीचा पत्रा मिलिमीटरभर जाड धरला तरी प्रतिकृतींत त्याची जाडी मिलिमीटरच्या चार शतांशांइतकी, म्हणजे आपल्या वहीच्या कागदाहूनही कमी हवी. इतकें पातळ प्लॅस्टिक हातांत टिकेल कसें? म्हणून कारागीर तडजोड करतो. चाकावरच्या कमानीसारखी जी कड डोळ्यांना दिसते, तीच तेवढी आंतून घासून पातळ करतो आणि बाकीची जाडी झाकून ठेवतो. प्रमाण कोठें काटेकोर पाळावें आणि कोठें तें पाळल्याचा केवळ भास उत्पन्न करावा, हा विवेक या छंदाचा प्राण आहे. नातवानें हें मला पंधरा मिनिटांत समजावून दिलें. भूमितीच्या पुस्तकांत त्याला इतके महिने तें समजलें नव्हतें.

मला तेथें एकाएकीं शुल्बसूत्रांची आठवण झाली. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी मोजण्याची ती दोरी आणि तिच्या आधारें सांगितलेलें हें शास्त्र. पंख पसरलेल्या श्येनाच्या आकाराची अग्निचिति प्रथम साडेसात वर्ग-पुरुष क्षेत्रफळाची रचावयाची. पुढच्या वेळीं साडेआठ, नंतर साडेनऊ, असें वाढवीत साडेएकशेंएकपर्यंत जावयाचें. मात्र आकार तोच राहिला पाहिजे. क्षेत्र एका मापानें वाढवावयाचें तर बाजू किती वाढवावी, हा प्रश्न आमच्या पूर्वजांनीं वहींत नव्हे, तर भुईवर खुंटी ठोकून आणि विटा मांडून सोडविला. आम्ही त्या सूत्रांचा अभिमान बाळगतों. दोरी आणि वीट मात्र दुसऱ्याच्या हातीं देऊन मोकळे झालों. ही खंत पुढें येणाऱ्या हकीकतीशीं निगडित आहे, म्हणून येथें नमूद करून ठेवतों.

या छंदाचीं नाना प्रमाणें आहेत आणि प्रत्येकामागें कांहींतरी इतिहास आहे. इंग्लंडांत लिव्हरपूल येथें फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीनें १९३३ सालीं आपल्या खेळण्यांतल्या आगगाडीच्या शोभेसाठीं लहान मोटारी काढल्या. १९३४ पासून त्या 'डिंकी टॉइज' या नांवानें विकल्या जाऊं लागल्या. तिकडच्या एका प्रकारच्या आगगाडींत एका फुटास सात मिलिमीटर हें माप धरीत. फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्यास सातांनीं भागिलें कीं साडेत्रेचाळीस येतात. जगभर संग्राहकांत रूढ असलेलें एकास त्रेचाळीस हें चमत्कारिक प्रमाण आलें तें असें. तसेंच लंडनच्या लेस्नी कंपनीचे जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेंत असा नियम होता, कीं आगपेटींत मावेल एवढेंच खेळणें आणावें. बापानें रस्ता दाबण्याच्या इंजिनाची इवलीशी पितळी प्रतिकृति करून आगपेटींत घालून दिली. तीवरूनच १९५३ सालीं 'मॅचबॉक्स' मोटारींचा जन्म झाला. शाळेच्या जाचक नियमांतून एक धंदा निघाल्याचें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं!

अमेरिकेंत निराळेंच घडलें. १९४८ सालीं निघालेली ए. एम. टी. ही कंपनी मोटारविक्रेत्यांच्या दुकानांत ठेवण्यासाठीं नव्या गाड्यांच्या एकास पंचवीस मापाच्या प्रतिकृति, खऱ्या गाडीच्याच रंगांत, तयार करीत असे. पुढें तेच साचे वापरून तिनें सुट्या भागांच्या पेट्या काढल्या, आणि १९५८ सालीं एका पेटींत तीन तऱ्हांचे भाग घातले : गाडी कारखान्यांतून निघाली तशी करा, शर्यतीची करा, किंवा शौकिनानें बदलून घेतल्यासारखी करा. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियांतील तरुणांस जुन्या गाड्यांचें छप्पर कापून ठेंगणें करण्याचें, गाडी रस्त्यालगत खालीं आणण्याचें, तिला अपूर्व रंग देण्याचें वेड लागलें होतें. ज्या मुलाला खरी गाडी घेण्याची ऐपत नव्हती, तो हें सारें आतां आपल्या टेबलावर करूं लागला. प्रतिकृति हुबेहूब करणें ही एक विद्या. ती आपल्या मनाजोगी बदलणें ही दुसरी. दुसरी साधावयाची तर पहिली अगोदर यावी लागते. व्याकरण येत नसतां काव्यांत स्वातंत्र्य घेणाऱ्याचें जें होतें, तेंच येथेंही होतें.

पण या साऱ्या हकीकतींत मनाला सर्वांत चटका लावून गेली ती 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' या संस्थेची. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागानें १९३० सालीं अमेरिकेंतील मुलांसाठीं ही स्पर्धा सुरू केली. मंदीचे दिवस, घरोघर ओढगस्त. मुलांना कंपनीकडून नकाशे मिळत. त्यांवरून नेपोलियनच्या काळच्या राजेशाही घोडागाडीची प्रतिकृति करावयाची. लांकूड कोरणें, धातु घडविणें, रंग देणें, आंतल्या गाद्या शिवणें, सारें एकट्या मुलाच्या हातचें. यांत महिनेच्या महिने जात. बक्षीस कोणतें? ऐषारामाची वस्तु नव्हे; पहिल्या विजेत्यांना कॉलेजच्या शिक्षणासाठीं पांच पांच हजार डॉलरची शिष्यवृत्ति! पुढें १९३७ पासून मुलांना स्वतःच्या कल्पनेंतील मोटारीची एकास बारा मापाची प्रतिकृति करण्याची मुभा मिळाली. प्रथम कागदावर रेखाटन, मग चिकणमातींत आकार, नंतर लांकडांत किंवा प्लॅस्टरमध्यें गाडी, आणि शेवटीं आरशासारखा रंग. युद्धानंतर घोडागाडी मागें पडून मोटारच राहिली. १९४७ सालीं राष्ट्रीय बक्षीस मिळविणारा चार्ल्स जॉर्डन हा मुलगा पुढें त्याच जनरल मोटर्समध्यें नोकरीस लागला आणि १९८६ ते १९९२ या काळांत त्या अवाढव्य कंपनीच्या साऱ्या गाड्यांच्या रूपरचनेचा प्रमुख झाला. ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. तिचा एक दोष मात्र सांगितला पाहिजे : ती केवळ मुलग्यांसाठीं होती. आमच्या घरीं सर्वांत बारीक कुंचला ज्या हातीं न कांपतां चालतो, तो हात माझ्या नातीचा आहे. गाडीच्या नंबरपाटीवरचे दाण्याएवढे आंकडे तीच लिहिते.

ही हकीकत नातवाच्या तोंडून ऐकत असतां माझें मन अस्वस्थ होत गेलें. त्याचें कारण आजवर घरांतही कोणास सांगितलें नव्हतें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं मी आठवीच्या वर्गावर शब्दरूपें घेत होतों. मागल्या बांकावर एक मुलगा मान खालीं घालून बसला होता. जवळ जाऊन पाहतों तों मांडीवर एक मालमोटार. चुण्यांच्या पुठ्ठ्याची पेटी, सायकलच्या तारेचे आंस, बाटलीच्या बुचांचीं चाकें. आणि पुढचीं चाकें सुकाणूबरोबर वळतही होतीं! मीं ती उचलली, वर्गाला दाखविली, मुलें हंसलीं, मीही हंसलों आणि ती कपाटांत टाकून कुलूप लावलें. वर्षअखेर परत देईन म्हणालों होतों. वर्षअखेर कपाट आवरतांना ती रजिस्टरांच्या गठ्ठ्याखालीं चेंगरलेली सांपडली. तो मुलगा नववींत आला नाहीं. त्यानें शाळा माझ्यामुळें सोडली असें मी म्हणत नाहीं. घरची गरिबी होती. परंतु पुठ्ठ्याच्या गाडीचीं चाकें वळविण्यासाठीं त्यानें जी अक्कल चालविली होती, तिचें नांव मला त्या दिवशीं ठाऊक नव्हतें. एकीकडे मुलांच्या हातांतील कसब हुडकून त्यांना कॉलेजांत धाडणारी ती स्पर्धा, आणि दुसरीकडे कुलूप लावणारा मी! आपल्या पांढरपेशा घरांत पाठांतर करणाऱ्या मुलाचें कौतुक होतें आणि कानस धरणाऱ्या मुलाची काळजी वाटते. ही समजूत मीं शाळेंतही नेली होती. शुल्बसूत्रें शिकलेल्या माणसानें दोरी हिसकावून घेतली होती!

असो. त्या दिवशीं मीं निकाल राखून ठेवला आणि पुरावा पाहण्याचें ठरविलें.

टेबलावर होती ती गाडी कोणत्याही पेटींतली नव्हती. तो करीत होता आमचीच गाडी. माझ्या थोरल्या बंधूंनीं १९८६ सालीं एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. फिकट निळी, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत, इटलीच्या फियाट ११०० वरून तयार होणारी ती गाडी एके काळीं महाराष्ट्रांतल्या मध्यम घरांचें भूषण होती. घरचीं लग्नें, देवदर्शनें, दवाखान्याच्या रात्रीं, सारें तिनें पाहिलें. २००४ सालीं दादांनीं ती विकली. मुंबईच्या टॅक्सींतूनही ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर कायमची निघून गेली. नातवानें ती गाडी कधीं पाहिलेलीच नव्हती; आल्बममधले चार फोटो एवढीच त्याची सामग्री.

मापें घेण्यास खरी गाडी हवी होती. स्टँडजवळच्या एका गॅरेजांत एक पद्मिनी उभी आहे असें कळल्यावर एका रविवारीं मी त्याच्याबरोबर गेलों. टेपचें एक टोक धरणारा कोणी तरी हवाच होता. मीं टोक पुढच्या चाकाच्या कडेला लावलें. मिस्त्री हात पुसत आले आणि नम्रपणें म्हणाले, "गुरुजी, तिथं नाहीं. आंसाच्या मध्यापासून आंसाच्या मध्यापर्यंत. आणि आधीं चाकं सरळ करून घ्या." साठी उलटल्यावर मला मोजावयास शिकविणारे ते पहिले गृहस्थ! अंतर भरलें २,३४० मिलिमीटर. चोविसांनीं भागिलें, ९७.५. साधारण तीन मीटर नव्वद सेंटिमीटरची ती गाडी टेबलावर सव्वासोळा सेंटिमीटरची होणार होती. मिस्त्रींनीं बॉनेट उघडून आंतल्या तारांची वाट दाखविली. इंजिनांत ठिणगी नेणारी तार सुमारें सात मिलिमीटर जाड असते. प्रतिकृतींत ती तीन दशांश मिलिमीटरची हवी. नातवानें जुन्या वायरीचा एकेक तांब्याचा तंतु सोलून ती बसविली.

आकारासाठीं सुतारानें शिवणीच्या लांकडाचा ठोकळा दिला. तो घासून साचा करण्यास सात आठवडे लागले. मग प्लॅस्टिकचा पातळ पत्रा तापवून मऊ करावयाचा, ठोकळ्यावर घालावयाचा आणि खालच्या छिद्रांतून हवा ओढून तो घट्ट बसवावयाचा. ही हवा ओढण्याचें काम घर झाडण्याच्या यंत्रानें केलें. त्यावरून कुटुंबाची एक पुरवणी फिर्याद आली ती निराळी. तिसऱ्या खेपेस पत्रा नीट बसला. पुढें चारशें नंबरचा पॉलिश-पेपर, मग सहाशें, हजार, दोन हजार. रंगाचा थर जाड दिला कीं दारांच्या फटी बुजतात, म्हणून अगदीं पातळ थर, आणि एक पुरता वाळल्यावांचून दुसरा नाहीं. उतावळेपणाची शिक्षा येथें लगेच मिळते आणि ती देण्यास मास्तर लागत नाहीं.

एके दिवशीं ती शिक्षा मिळालीच. पुढची कांच बसवितांना त्यानें झटपट चिकटणारा गोंद वापरला. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते आणि पांढरा थर धरतो. कांचेसाठीं सुतारी पांढरा गोंद वापरावा लागतो, हें त्याला ठाऊक असूनही त्यानें घाई केली. सकाळीं पाहतों तों कांच धुक्यासारखी आंधळी, आणि ती काढतांना खांबाचा रंगही निघाला. पांच आठवड्यांचें काम. मला वाटलें, आतां हा आदळआपट करील. परीक्षेंत दोन गुण कमी पडले तर करीत असे. तो दहा मिनिटें गप्प बसला. मग पाणी घेतलें, सहाशेंचा पेपर घेतला आणि खांब घासूं लागला. माझा निकाल झाला तो त्या क्षणीं. स्वतःची चूक स्वतः पाहून, कोणावर न ढकलतां, पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करणें हें छत्तीस वर्षांत मी किती मुलांना शिकवूं शकलों?

गाडी पुरी झाल्यावर ती दादांकडे नेली. दादांचें वय पंचाहत्तर. मोतीबिंदूमुळें दिसतें बेताचेंच. त्यांनीं ती ओंजळींत घेतली, खिडकीकडे तोंड केलें, सुकाणूच्या खांबावरचा गिअरचा दांडा नखानें चांचपला आणि बराच वेळ अंगठा डावीकडून उजवीकडे फिरवीत राहिले. मग म्हणाले, "अरे, डाव्या मडगार्डाला पोचा होता. तुझ्या आजीला दवाखान्यांतून आणतांना फाटकाला घांसली होती गाडी. तो कुठं आहे?"

फोटोंत तो पोचा दिसत नव्हता. नातवानें गाडी परत नेली आणि रंगविलेल्या, घोटलेल्या त्या निर्दोष मडगार्डाला हलकी ऊब देऊन तेथें एक पोचा पाडला. गाडी मनाजोगी बदलणें याचा अर्थ मला त्या दिवशीं कळला. तोंपर्यंत ती पद्मिनी होती; आतां ती आमची झाली.

जपानांत शिझुओका शहरीं तामिया नांवाची कंपनी आहे. १९४६ सालीं ती लांकडाची वखार म्हणून निघाली, आणि १९६० पासून प्लॅस्टिकच्या प्रतिकृति करूं लागली. तिचे प्रमुख शुनसाकु तामिया यांना एका पोर्शे गाडीची प्रतिकृति मनासारखी साधेना, तेव्हां त्यांनीं एक खरी पोर्शे विकत घेऊन तिचा भाग न् भाग सुटा केला. २०२५ सालीं, नव्वदी गांठून, ते निवर्तले. लहान वस्तु चांगली करावयाची तर मोठी वस्तु आरपार पाहावी लागते, हें त्यांचें शील. आमच्या नातवाला पोर्शे परवडणारी नाहीं. पण गॅरेजांतले मिस्त्री परवडले, आणि त्यांच्याकडून तो जें शिकला तें पेटींत मिळत नाहीं.

ज्या पालकांच्या घरीं असा खटला उभा असेल, त्यांच्यासाठीं माझा निकाल येथें देतों. छंद बंद करूं नये. रोज एक तास आणि रविवारची सकाळ त्यास द्यावी; परीक्षेच्या महिन्यांत टेबलावर धोतराचें पान झांकून ठेवावें. रंगकाम उघड्या खिडकीपाशीं, तोंडाला योग्य मुखवटा बांधून करावें. सुरी नेहमीं बोटांपासून दूर चालवावी. एक गाडी पुरी झाल्यावांचून दुसरी आरंभूं नये. महाग पेटीपासून सुरुवात करूं नये. पुठ्ठा, आगकाड्या आणि जुनी तार यांत निम्मी विद्या येते, हें मला एका मागल्या बांकावरच्या मुलानें दाखविलें होतें, तें मीं पाहिलें नाहीं. घरांत मुलगी असेल तर टेबलाची अर्धी बाजू तिची. आणि खर्चाचा जमाखर्च मुलांनीं स्वतः लिहावा.

चिरंजीवांनीं निकाल मान्य केला. सूनबाईनें एक कलम वाढविलें. न्यायाधीशानें दर रविवारीं टेपचें दुसरें टोक धरावयाचें, आणि तेंही आंसाच्या मध्यावर. ही शिक्षा मी आनंदानें भोगीत आहें.